जित्या माणसाची चादर

मंडळी, जरा पुढं सरकून बसा. मागं बायाबापड्यांना जागा करून द्या.

मास्तर म्हणाले, धोंडिबा, पहिल्यांदा तुमी बोला. म्या म्हणलं, मास्तर, मला आरती येती, गाऱ्हाणं घालता येतं. शोकसभा येत न्हाई. आपल्या गावात असली सभा कवा झालीच न्हाई. आपल्यात माणूस गेलं की बायका गळ्यात पडून रडत्यात, बाप्ये भिंतीला टेकून गप बसत्यात, आणि शेजारच्या घरनं पिठलं-भाकरी येती. संपलं. चार माणसांपुढं उभं राहून गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं, हे लई अवघड. आणि सारखं वाटतंय, मी जरा चुकीचं बोललो तर इमामभाई मागनं खोकंल.

पासलीची माणसं आल्यात, वेल्ह्याची आल्यात, भोराहून इमामभाईचे सोयरे आल्यात. त्यांच्यासाठी सांगतो. मी धोंडिबा गुरव, जननीच्या देवळातला. आणि आपण जमलोय ते इमाम मुलाण्यासाठी. आपल्या गावचा मुलाणी. गावात त्याचं एकच घर, आणि त्या घराच्या अंगणात आपण बसलोय.

चावडी सोडून हितं का बसलो, ते बी सांगतो. जैतूनवहिनींना आता काही महिने उंबऱ्याबाहेर पडायचं न्हाई. नवरा गेल्यावर त्यांच्यात तशी रीत असती. मंग चावडीत सभा घेऊन त्यांना काय ऐकू जाणार? म्हणून सभाच उचलून उंबऱ्यापाशी आणली. वहिनी दाराआड बसल्यात. वहिनी, ऐकू येतंय न्हवं?

कडी वाजली. म्हंजे येतंय.

मंडळी, गुरव आणि मुलाणी ही जोडी लई जुनी. चैताच्या जत्रेला बोकड देवीपुढं उभं करायचं, अंगावर पाणी शिंपडायचं, गाऱ्हाणं घालायचं, हे माजं काम. बोकड थरथरलं की देवीनं घेतलं. मंग मी बाजूला व्हायचं आणि इमामभाईनं पुढं यायचं. त्याचे शब्द त्यानं पुटपुटायचे आणि सुरी चालवायची. त्याच्या हातचं नसलं तर आपल्यातला एक कुणबी मटणाला शिवत न्हाई. माज्या बापाच्या येळी त्याचा बाप व्हता. देवी आपली, गाऱ्हाणं माजं, शब्द त्याचे. ह्यात कोणाला कवा वावगं वाटलं न्हाई.

तुमी त्याला सुरी चालवताना बघितलंय. सुरी घासताना कोणी बघितलंय का? देवळाच्या आवारात त्यानं ती कवा घासली न्हाई. घरनं घासून, धोतराच्या घोळात लपवून आणायचा. एकदा म्या इचारलं, का रं, हितं दगड न्हाई का? म्हणला, "धोंडिबा, त्याला कळतं. मरायचंच हाय त्याला, पण आधीपासनं भ्या कशाला दावायचं?" असा माणूस. जनावराला भ्या वाटू नये म्हणून जपायचा. आणि त्याच माणसाला भ्या वाटायचे दिवस आले.

ती दोन वर्सं सगळ्यांना ठावं हायेत. तवा भोरचं संस्थान अजून जागच्या जागी व्हतं. पण वर मुलूख फुटला, पंजाबाकडं माणसं मारली, आगगाड्या भरून माणसं हिकडची तिकडं आणि तिकडची हिकडं पळाली. त्याच्या बातम्या नसरापूरच्या बाजारात मिठाच्या पुडीबरोबर यायला लागल्या. भोरातली मुसलमान घरं तिन्हीसांजेच्या आत दारं लावून घ्यायला लागली. आपण म्हणायचो, हे लांबचं हाय. डोंगर आडवा हाय. ते हितवर यायचं न्हाई.

पण आलं. भादव्यात कापूरहोळच्या अंगानं दोघं अनोळखी आले. हातात काठ्या. पाटलांच्या सगुणाकाकू बांधावर गवत कापत व्हत्या. ते दोघं म्हणाले, "म्हातारे, तुमच्या गावात मुसलमानांची घरं किती?"

काकूंनी ईळा खाली ठेवला न्हाई. म्हणाल्या, "एकबी न्हाई."

"एकबी न्हाई?"

"न्हाई म्हणते न्हवं? आयकू येत न्हाई व्हय रं तुमाला?"

दोघं आल्या वाटंनं गेले. काकूंनी घरी येऊन तांब्याभर पाणी घटाघटा पिलं आणि सगळ्या गावाला बोलावून सांगितलं, इथून पुढं कोणीबी इचारलं तर हेच सांगायचं. एकबी न्हाई. मी सांगते, पाटील सांगतील, शेंबडं पोर बी हेच सांगंल. काकूंचा शब्द मोडायची कोणाची छाती हाय? गावानं ते पाठ केलं.

इमामभाई हसला. म्हणला, "काकू, मी न्हाई तर जत्रेचं बोकड कोण कापणार? धोंडिबा? त्याचा तर फुलं तोडताना हात थरथरतो." म्या म्हणलं, तू गप बस, तू न्हाईसच. तेवढ्यावर आमी लई हसलो. भ्यालेली माणसं अशीच हसत्यात.

मंडळी, ती खोटी गोष्ट गावानं सांगितली ती मायेपोटी सांगितली. काकू, तुमी खाली मान घालू नका. मी पुढचं सांगणार हाय, पण तुमी मान वर ठेवा. तुमी त्या दिवशी माणूस वाचवला.

पुढं कार्तिकात, भाताच्या झोडणीला, गोरा साहेब आला. वेल्ह्यापर्यंत मोटार आणि पुढं चालत. गळ्यात फोटो काढायची पेटी, संगं पुण्याचा कोट घातलेला दुभाषी. दुभाषी म्हणाला, साहेब लांबच्या देशाच्या मोठ्या वर्तमानपत्रातनं आल्यात. पंजाबातलं सगळ्यांनी लिहिलं, पण आडबाजूच्या खेड्यात काय चाललंय, ज्यांची घरं थोडकी ती माणसं कशी ऱ्हात्यात, ते त्यांना बघायचंय. माणूस वाईट नव्हता हो. घामानं भिजला व्हता बिचारा, पायाला फोड आल्यालं. एवढ्या लांबून परक्याच्या जिवाची काळजी करत आला, हे काय थोडं हाय?

पण त्यानं इचारलं काय? तेच इचारलं. "ह्या गावात मुसलमान किती?"

आणि आपण काय सांगितलं? आपल्याला एकच उत्तर येत व्हतं. काकू म्हणाल्या, एकबी न्हाई. पाटील म्हणाले, एकबी न्हाई. मला इचारलं, म्या बी तेच म्हणलं. मायेनं इचारणारा आणि काठी घेऊन इचारणारा, दोघांचा प्रश्न एकच असला तर आमी खेड्यातल्या माणसांनी फरक कसा वळखायचा?

मंग साहेब खळ्यावरच्या एका गड्याकडं वळला. गड्याच्या हातात भाताची पेंढी, डोक्याला मळका पटका, गुडघ्यावर धोतर. दाढी वाढल्याली, पण झोडणीच्या दिवसांत कोणाची वाढत न्हाई? दुभाष्यानं त्याला बी इचारलं. गड्यानं पेंढी खाली ठेवली. काकूंकडं बघितलं. माज्याकडं बघितलं. आणि म्हणाला, "न्हाई सायब. एकबी न्हाई."

तो इमामभाई व्हता.

पोरं पेंढ्यांत तोंड खुपसून हसली. मोठ्यांनी बी हसू दाबलं. साहेब काही हसला न्हाई. तो गावाच्या कडंला गेला. तितं आपला पीर हाय, चाफ्याखाली. दिवा लावल्याला, हिरवं फडकं नवं कोरं. आणि शेजारी मातीचे दोन ताजे उंचवटे. त्या पावसाळ्यात तापानं इमामभाईची आई गेली, पाठोपाठ धाकटा भाऊ गेला, त्यांच्या त्या कबरी. पण साहेबाला हे कोण सांगणार? गावात मुसलमान एकबी न्हाई, आणि पिराच्या अंगणात दोन ताज्या कबरी. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. मंग पेटी डोळ्याला लावली.

आमाला वाटलं, पिराला मान देतोय. काकूंनी ताक पाठवलं. त्यानं घेतलं न्हाई. आमी म्हणलं, गोऱ्यांना ताक चालत नसंल. आता कळतंय, त्याला का घेववलं न्हाई. त्याच्या लेखी आपण कोण व्हतो, ते आता कळतंय.

साहेब गेला, आमी भात झोडायला लागलो. तो फोटो समिंदर वलांडून गेला. तिकडं छापला. त्याच्याखाली लिहिलं म्हणं, हे असं गाव हाय जितं आता कोणी उरलं न्हाई. तिकडच्या माणसांनी तो बघितला. त्यांच्या देवळात त्यांनी आपल्या गावासाठी प्रार्थना केल्या. ज्यांना आपल्या गावाचं नाव तोंडातनं काढता येत न्हाई त्यांनी, मंडळी. त्यांनी घराघरातनं कांबळी गोळा केली. मोठमोठ्या सभांमधी मोठमोठी माणसं उठून बोलली. मास्तर म्हणत्यात, त्या बोलण्यात आपल्यागत कितीक गावं व्हती. आणि हिकडं ज्याच्यासाठी हे सगळं चाललं व्हतं, तो इमामभाई माज्या पडवीत बसून तंबाखू मळत व्हता.

संक्रांत होऊन गेली आणि दिल्लीहून ती वाईट बातमी आली. कोणती, ते मी सांगायला नको. सगळा मुलूख रडला. आणि रडता रडताच काही माणसांनी टेंभे उचलले आणि गोळी घालणारा बामण म्हणून सगळ्याच बामणांची घरं हुडकायला निघाली. खालच्या अंगाला धूर दिसला. मंग एक घोळका आपल्या गावात बी आला. भर दुपारची येळ. म्हणाले, "मास्तरचं घर कुठलं? बामणाचं?"

इमामभाई शाळंच्या पायरीवर बसला व्हता. आणि जो माणूस बोकडापुढं कवा सुरी घासत नव्हता, तो त्या सगळ्यांच्या देखत दगडावर सुरी घासत व्हता. मान वर न करता म्हणाला, "हितं बामण न्हाई. एकबी न्हाई."

घोळका सुरीकडं बघत उभा ऱ्हायला, मंग पांगला. मास्तर आणि मास्तरीणबाई तवा कुठं व्हते? ह्याच घरात. ह्या दाराच्या आत, वहिनींच्या कणगीमागं. मास्तर, हे म्या सांगितलं तर चालंल न्हवं? मास्तरांनी मान हलवली. त्यांना बोलवत न्हाई. म्हणून तर मला उभं केलं त्यांनी.

त्या येळी मातुर कोणी साहेब आला न्हाई. कोणी टोपी काढली न्हाई, प्रार्थना केली न्हाई. कणगीमागं जिती बसलेली दोन माणसं, ह्याचा काय फोटो काढणार?

चैत लागला. जत्रा तोंडावर आली. आणि एक दिवस मामलेदाराचा शिपाई, डोक्यावर कांबळ्यांचा गठ्ठा घेतल्याली दोन माणसं, एक दुभाषी आणि एक गोरी बाई, अशी वरात गावात आली. बाई वयानं काकूंएवढी. पांढरं लुगड्यागत काय तरी नेसल्याली, पायात जाड बूट. काकू पुढं झाल्या आणि सवयीनं म्हणाल्या, "एकबी..."

दुभाष्यानं त्यांना थांबवलं. म्हणाला, "ठाऊक आहे आजी. बाईंना ठाऊक आहे. म्हणूनच त्या आल्यात." आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी.

बाईनं पिशवीतनं एक हिरवं कापड काढलं. जाड, मखमलीगत. म्हणाली, तिच्या गावच्या बंदरात खलाशांसाठी एक घर हाय, तितं ती जेवण वाढती. जहाजाच्या भट्टीवर काम करणारा एक हिंदुस्थानी पोरगा तितं आला व्हता. भिंतीवर कोणी तरी वर्तमानपत्रातला फोटो डकवला व्हता. पोरानं तो बघितला. पीर वळखला, चाफा वळखला. आणि ताटावरनं उठून गेला. त्यांनी लई समजूत घातली. पण त्यानं तितंच, त्या परमुलखात, समोर मयत नसताना बापाच्या नावानं नमाज पढला. घरी जायला आता घर न्हाई म्हणला, आणि हिकडं न येणाऱ्या जहाजावर नाव घातलं. बाई हिकडं येती कळल्यावर तेवढं हे कापड तिच्या हातात दिलं. बापाच्या कबरीवर घाला म्हणला.

बाईनं इचारलं, "इमाम मुलाणी ह्यांची कबर दोघातली कुठली?"

मंडळी, तुमी सगळे व्हता तितं. आठवा. काकू तर खालीच बसल्या.

इमामभाई माज्या शेजारनं पुढं गेला. दोन्ही हात पुढं केले. म्हणला, "आणा हिकडं बाई. माजीच हाय ती."

दुभाष्यानं ते बाईला सांगितलं. बाईला कळंना. मंग कळलं, आणि ती बाई, एवढी बुटं घातल्याली, इमामभाईचे दोन्ही हात धरून उभी ऱ्हायली. वहिनी घरातनं धावत आल्या. त्यांना दुसरं काही ऐकूच आलं नव्हतं. त्या एकच इचारत व्हत्या, "माजा यासीन जिता हाय? जेवतो का? अंगात काय घालतो?" यासीन जहाजावर गेला तवापासनं, वरीसभर, पोराची खबर नव्हती त्यांना. पोरगं जितं हाय कळल्यावर त्या हसल्या, आणि आपण मेलो असं समजून ते एकटं रडलं हे कळल्यावर भुईवर बसल्या.

इमामभाई कापड उलटसुलट बघत व्हता. त्याच्या वरच्या काठाला भोकं व्हती, कडी अडकवायची. दुभाषी म्हणाला, हे खिडकीच्या पडद्याचं कापड हाय, तिकडं चादर कुठली मिळणार. इमामभाई म्हणला, "खिडकी बी न्हाई माज्या घराला, आणि पडदा कबरीला घातला पोरानं." हसायला गेला. पण कापड तसंच छातीशी धरलं त्यानं. म्या बघितलं.

आता पोराला कळवायचं कसं? कागद लिहिला तर तो म्हणंल, कोणी तरी माज्या समजुतीसाठी लिहिलाय. इमामभाईनंच तोड काढली. ती चादर खांद्यावर घेतली, एका भोकात अंगठा घातला आणि बाईला म्हणला, काढा. तुमच्या पेटीत काढा मला. त्यानं इकत घेतलेलं कापड बापाच्या खांद्यावर दिसलं की पटंल त्याला. सगळं गाव मागं उभं ऱ्हायलं. काकू येईनात. माज्याच जिभेनं ह्याची कबर खणली, मी काय तोंड दावू, म्हणाल्या. इमामभाई त्यांच्यापाशी गेला आणि म्हणला, "काकू, तुमी फोटोत न्हाई आला तर मी खरंच मेलो असं समजन." मंग आल्या.

त्या बाईनं तो फोटो सोता फिरून, बंदरा-बंदरात इचारून, यासीनला पोचवला. तिचं नाव आपल्याला नीट घेता येत न्हाई. पण वहिनी रोज तिच्यासाठी दुवा मागत्यात.

आणि वर्तमानपत्रानं? मास्तर म्हणत्यात, बाईनं त्यांना बी एक फोटो दिला व्हता. छापला न्हाई. मेलेल्या इमामभाईसाठी सगळं जग रडलं, आणि जित्या इमामभाईला एका बोटाएवढी जागा मिळाली न्हाई.

पण थांबा. हसू नका. मी हे साहेबाची चेष्टा करायला सांगत न्हाई. काही जण म्हणत्यात, बघा, गोऱ्यांनी लिहिलं ते सगळं खोटं. त्यांना माजं सांगणं हाय, आपल्या गावच्या दोन कबरी तापाच्या निघाल्या, म्हणून सगळ्या मुलखातल्या कबरी तापाच्या न्हाईत. लई ठिकाणी साहेबाचं खरं व्हतं. लई ठिकाणी काकू नव्हत्या. आपल्याकडं तो चुकला हे आपलं नशीब समजा, आणि देवीला हात जोडा.

दिवाळीच्या आधी यासीन आला. कापूरहोळपासनं पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन चालत आला. फोटो बघूनबी त्याचा जीव भरवसा ठेवत नव्हता. चाफ्यापाशी उभा ऱ्हायला आणि त्याला बापाचा आवाज आला. बाप काय करत व्हता? माज्या शेळीला शिव्या देत व्हता, वहिनींचं वाळवण खाल्लं म्हणून. यासीन म्हणतो, तेवढी गोड शिवी म्या जन्मात ऐकली न्हाई.

त्याला ती चादर जाळायची व्हती. अभद्र वस्तू घरात कशाला, म्हणला. इमामभाईनं ऐकलं न्हाई. म्हणला, "आमच्या घराण्यात कोणाच्या कबरीला इलायती मखमल मिळाली का? तोवर वापरतो की." आणि वापरली. सगळा हिवाळा तो माणूस आपल्या कबरीची चादर पांघरून गावभर फिरला. भोकात अंगठा घालून. पोरं म्हणायची, चाचा, पडदा सरकवा. तो सरकवायचा आणि पोरांना गुळाचा खडा द्यायचा. ह्या चैतात बोकड यासीननं धरलं, आणि इमामभाईनं सुरी चालवली. शेवटचीच.

छातीच्या दुखण्यानं त्यानं हंतरूण धरलं, तवा मी रोज दुपारी येऊन बसायचो. असाच एक दिवस म्हणला, "धोंडिबा, तुला एक सांगू का? रागावू नको." म्हणला, "त्या दिवशी खळ्यावर तुमी सगळे हसलात. मी घरी आलो, ताटावर बसलो आणि तसाच उठलो. तुमी मला न्हाई म्हणलात, त्याचं मला काही वाटलं न्हाई. ती माया व्हती. पण माज्याच तोंडानं मी मला न्हाई म्हणलं. आईच्या आणि भावाच्या कबरीपासनं हाकेच्या अंतरावर उभा राहून म्हणलं, हितं कोणी न्हाई. त्या रात्रीपासनं मला सारखं वाटतं, धोंडिबा, की मी थोडा न्हाईच झालोय."

म्या त्याचा हात धरला.

मंग म्हणला, "लपवून जगवलंत मला. लई उपकार हायेत. पण माज्या पोराला लपवून जगवू नका. पुढल्या खेपेला कोणी इचारलं, काठीवाल्यानं इचारलं, न्हाई तर टोपीवाल्यानं इचारलं, तर हाय म्हणा. उघड म्हणा. आणि मंग त्याच्या पुढं उभे ऱ्हावा."

एवढंच मागितलं त्यानं. सगळ्या आयुष्यात गावाकडं मागितल्याली एवढी एकच गोष्ट.

त्याला माती दिली तवा यासीननं ती हिरवी चादर वर घातली. म्या चाफ्याची फुलं घातली. तोच चाफा, ज्याची फुलं मी रोज देवीला नेतो. कापडाच्या काठाला त्याच्या अंगठ्यानं मोठं झालेलं भोक तेवढं दिसत व्हतं. त्या माणसानं दीड वरीस आपलं मरण अंगावर वागवलं आणि आपल्याला हसवलं.

यासीन, तू जहाजावर परत जाशील, न्हाई तर हितं ऱ्हाशील, ते तुजं तू ठरव. तुज्या बापाची सुरी वहिनींनी फडक्यात बांधून ठेवलीय. गाव तुला दावं लावून बांधणार न्हाई. पण गाव तुला न्हाई बी म्हणणार न्हाई.

आता मास्तर म्हणत्यात, शेवटाला सगळ्यांनी उभं राहून गप ऱ्हायचं, अशी रीत असती. ऱ्हाऊ. पण त्याच्या आधी इमामभाईचं मागणं पुरं करू. तोंडानं केलं ते तोंडानंच फेडायचं. उभे ऱ्हावा सगळे. मी इचारतो. त्या दोघांनी इचारलं, साहेबानं इचारलं, तेच इचारतो, आणि तुमी उत्तर द्या.

ह्या गावात मुसलमान हाय का कोणी?

काकू, जरा मोठ्यानं. दारापर्यंत जाऊ द्या.

हाय. व्हय, काकू. हाय. पाटील, तुमी बी. पोरांनो, तुमी बी, मागची सगळी.

कडी वाजली. वहिनींनी ऐकलं.

आता गप ऱ्हाऊ या. इमामभाई, तुला तुज्या धोंडिबा गुरवाचा राम राम, आणि सलाम.